उंटावरून

आमच्या कचेरीच्या खिडकीतून उंट दिसत नाही.
दिसते शारजाची खाडी, लाकडी गलबतं,
त्यांवर रचलेले टायर, जुने फ्रिज, कांद्याची पोती.
तरी रुजू झालो त्या आठवड्यात मी घरी लिहिलं होतं:
इथं उंटावरून शेळ्या हाकतो.
हसावं म्हणून लिहिलं. वेंगुर्ल्यात कुणी हसलं नाही,
पगार विचारला.

तेव्हा आमच्या कार्यकक्षेचा कागद एकपानी होता.
मीच टंकला, चौऱ्याण्णव साली:
मागेल त्याला, मागेल ते, मागेल तिथं.
पैसे दुसऱ्याचे, प्रकल्प तिसऱ्याचा,
आम्ही लग्नघरचे आचारी.
नवरी राजी आहे का, विचारायचं नाही.
मीठ चाखायचं, पंगत उठवायची,
शेकडा ठरलेलं घेऊन कढई उचलायची.

मग कुठलं तरी युद्ध संपलं, कागदात शिरलं 'आणि वाहतूक'.
एक पूल पडला, 'आणि बांधकाम'.
कोकणात घराला पडव्या काढत जातात
तसे आम्ही स्वल्पविरामांनी वाढलो.
मूळ वाक्याचं क्रियापद आता
कुठल्या पडवीत निजतं, साहेबांनाही सापडेना.

नजात बावजीर, आमची इंजिनिअर, मुकल्ल्याची.
एकदा समोरच्या किनाऱ्यावर जाऊन आली
आणि काही न बोलता फोटो टेबलावर ठेवला:
आमची जनित्रं, खोक्यातच,
वर कोंबड्या बसलेल्या.
डिझेल दोन दिवसांच्या वाटेवर.
मी फाइल काढली. बेचाळीस पाठवली, बेचाळीस पोचली,
सही, अंगठा, शिक्का, सगळं जिथल्या तिथं.
ती म्हणाली, हडकर, पावती खरी आहे.
एवढंच म्हणाली.

नंतरची दोन वर्षं एका शब्दावर गेली.
'कशाला?' हे विचारायचा आम्हाला अधिकार आहे काय?
मुख्यालय म्हणालं, मागणाऱ्याला शहाणपण शिकवू नये.
अल-तय्यिब साहेब म्हणाले, आचारीही सांगतो ना,
तांदूळ किडका आहे म्हणून.
नजातनं पेन्सिलीनं लिहिलं:
'ज्या बाईच्या दारात सामान उतरणार, तिला आधी विचारावं.'
परत आलं ते असं:
'संबंधित घटकांशी योग्य तो विचारविनिमय करण्यात यावा.'
बाई गेली, दार गेलं.
पण विचारणं राहिलं. नजातनं त्या दिवशी
सगळ्यांना खजुराची बिस्किटं वाटली.

आता कार्यकक्षा तीनशे बारा पानी.
आम्ही सल्ला देतो, मोजतो, पाच वर्षांनी परत जाऊन बघतो.
खोटं कशाला बोलू, बरं काम होतं.
दवाखान्याचं दार आता वाऱ्याकडे पाठ करून बसवतात.

विचारलं तेव्हा त्याच गावाहून उत्तर आलं.
उम्म सालिम नावाच्या कुणी लिहवून घेतलेलं:
जनित्र न्या. विहिरीला कप्पी द्या,
आणि वीस वाव दोर.
मी हिशेब केला, नव्वद दिरहम.
आमच्या तक्त्यात किमान रकमेचा रकाना असतो,
त्याच्या खाली कितीतरी शून्यं पडलं ते.
बैठक झाली. नजात रजेवर होती.
मागणी 'नोंद घेतली' या सदरात गेली.

संध्याकाळी मी खाडीवर चालत गेलो,
रोल्ल्यातून कप्पी घेतली, दोर घेतला, जरा जास्तच,
आणि सलायाच्या एका तांडेलाच्या हाती दिला.
पावती मागितली नाही.

सातव्या आठवड्यात तो तांडेल
माझं नाव विचारत कचेरीत आला.
हातात दोराचं वेटोळं, अडीच वाव असेल,
टोक नीट गाठ मारून बांधलेलं.
म्हणाला, बाईनं विहीर मोजली.
एवढा उरला. परत दिलाय.

तो कुठल्या खाती जमा करावा
हे तीनशे बारा पानांत मी अजून शोधतोय.